बर्फावाचून शिकलेली उडी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही एका दमात सांगून टाकला : बर्फावरच्या उड्या. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे त्यांनी पाहिले, आणि म्हणाले, "वैशाखात?" आम्ही म्हटले, वैशाखातच. थंडीत बर्फाच्या गोष्टी कोण ऐकणार? शिवाय ज्या बाईची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत, तिने आपली विद्या बर्फावर कमी आणि उन्हातान्हात, चिखलाच्या पाण्यात जास्त मिळवली. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

बर्फाच्या बाबतीत आमचा अधिकार काय, हेही आधीच सांगून टाकतो. आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेली लादी, आणि रंध्यावर खिसून तिचा केलेला लाल-पिवळा गोळा. त्यापलीकडे बर्फाशी आमचा परिचय नाही. स्की नावाच्या लांबट पट्ट्या आम्ही कधी पायांत घातल्या नाहीत, आणि ह्या वयात घालण्याचा विचारही नाही. जे सांगणार आहोत ते वाचलेले आणि चित्रफितीत पाहिलेले आहे. परंतु ते पाहिल्यापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही, आणि तो तुमच्यापुढे ठेवण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. प्रश्न असा, की आपल्याजवळ जे नाही त्याचे कारण सांगून माणसाने किती काळ बसून राहावे? आणि दुसरा, त्याच्या पाठीला लागूनच येणारा : उठून निघालेच, तर किती किंमत मोजावी?

आधी खेळ समजून घेऊ. आपल्यापैकी जे खेड्यात वाढले, त्यांनी उन्हाळ्यात विहिरीत उड्या टाकल्या असतीलच. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकायचे, आणि एकदा भीती मोडली की मग काठावरून सूर, मुटका, आणि धीट पोरांच्या उलट्या कोलांट्या. आता कल्पना करा, की विहिरीच्या काठाऐवजी बर्फाचा एक उतार आहे. त्या उतारावरून पायांत स्की बांधून माणूस वेगाने खाली येतो. उताराच्या शेवटी बर्फाचीच बांधलेली, भिंतीसारखी जवळजवळ उभी उठलेली एक वळणदार चढण आहे. तिची उंची साडेतीन ते चार मीटर. ती चढण ह्या माणसाला पुढे फेकत नाही, वर फेकते. तो तीन-चार मजली घराइतका उंच जातो, हवेत दोन किंवा तीन उलट्या कोलांट्या घेतो, त्यांतच अंगाभोवती तीन-चार गिरक्या घेतो, आणि खाली उतरतो. पाण्यात नव्हे, बर्फावर. आणि पाठीवर नव्हे, पायांवर. ह्या सगळ्याला वेळ लागतो सुमारे तीन सेकंद. आम्ही आत्ता हे वाक्य बोललो, तेवढ्यात एखादा जण उडून उतरलाही असता. ह्या खेळाला इंग्रजीत एरियल्स म्हणतात. आपण त्याला हवाई उड्या म्हणू.

तुम्ही विचाराल, इतक्या उंचीवरून पडून माणूस जगतो कसा? त्याचे उत्तर उतरण्याच्या जागेत आहे. ती जागा सपाट नसते. ती सुमारे ३७-३८ अंशांची घसरण असते, आणि स्पर्धेपूर्वी फावड्यांनी खणून तिथला बर्फ भुसभुशीत केलेला असतो. माणूस खाली येतो त्या दिशेलाच जमीनही खाली उतरत असते. त्यामुळे आघाताचा मोठा भाग घसरण्यात निघून जातो. पण हे केव्हा? तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात उतरला तर. वेग थोडा कमी पडला तर तो घसरणीच्या वरच्या सपाट डोक्यावर आदळेल. जास्त झाला तर खालच्या सपाटीवर. म्हणून प्रत्येक स्पर्धक उतारावर किती वरून निघायचे ते मोजून ठरवतो, वाऱ्याची दिशा पाहतो, आणि वारा बदलला तर थांबतो. लांबून जी बेफिकिरी दिसते, ती जवळून पाहिली तर वाण्याच्या वहीसारखी हिशेबी असते.

हवेतली गंमत तर ह्याहून मोठी आहे. एकदा पाय चढणीवरून सुटले, की शरीराची वाट ठरून गेली. भिरकावलेल्या दगडाला जशी आपली वाट बदलता येत नाही, तशी ह्या माणसालाही येत नाही. फिरण्याचा जो जोर चढणीवर मिळाला तेवढाच त्याच्याजवळ असतो. हवेत नवा मिळत नाही. त्याच्या हाती राहते ती फक्त आपल्या अंगाची ठेवण. अंग आखडले तर फिरणे वाढते, ताणले तर मंदावते. कोलांटी चालू असताना एक हात वर आणि एक हात खाली आणला, की शरीर किंचित कलते आणि कोलांटीच्याच जोरातून गिरकी निघते. हात पुन्हा बाजूला पसरले की गिरकी थांबते. आमच्या शास्त्राच्या मास्तरांनी ही गोष्ट फिरत्या खुर्चीवर बसून दाखवली होती. पण त्या खुर्चीतून उतरताना जीव धोक्यात नव्हता.

गुण कसे देतात तेही ऐका, कारण त्यात एक तत्त्व आहे. शंभरांत वीस भाग उड्डाणाला, पन्नास भाग हवेतल्या डौलाला आणि तीस भाग उतरण्याला. ह्या बेरजेला उडीच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणायचे. म्हणजे अवघड उडी वाईट मारली तर पदरात काही पडत नाही, आणि सोपी उडी सुरेख मारली तरी फार पडत नाही. स्वतःला झेपेल त्याच्या अगदी कडेवर जाऊन उभे राहायचे, आणि तिथे नीट उभे राहायचे, असा हा खेळ आहे.

खेळ तसा नवा. नॉर्वेचा स्टाईन एरिक्सन हा १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. तो पुढे अमेरिकेत गेला आणि स्की पायांत असताना कोलांटी मारून लोकांना थक्क करू लागला. त्याचे पाहून हौशी तरुणांनी साठ-सत्तरच्या दशकांत ह्या प्रकाराचा धुमाकूळ घातला. मोठ्या मंडळींनी नाके मुरडली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्याला आपल्यात घेतले, १९८८ मध्ये कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला, आणि १९९४ मध्ये लिलेहामरला हवाई उड्यांसाठी पहिल्यांदा पदके दिली गेली. स्त्रियांमधले ते पहिले सुवर्णपदक कोणी जिंकले? उझबेकिस्तानच्या लिना चेर्याझोव्हाने. स्पर्धेच्या थोडे आधी तिची आई वारली होती. तिचे मन मोडू नये म्हणून ही बातमी तिच्यापासून लपवून ठेवली होती. जिंकल्यावर तिला ती कळली. त्याच वर्षी अमेरिकेत सराव करताना तिच्या डोक्याला जबर मार बसला आणि ती कित्येक दिवस बेशुद्ध होती. पुढे ती पुन्हा उभी राहिली, १९९८ ला नागानोत उतरलीही, पण पहिली लय परत आली नाही. २०१९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, ती गेली. ही हकीकत आम्ही आधीच सांगितली, ती मुद्दाम. पुढे जी विजयाची गोष्ट येणार आहे, ती ऐकताना लिनाचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढून हलू नये.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. तिथे बर्फ पडतच नाही असे नव्हे. आग्नेयेच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर बर्फ असतो. पण तो थोडा, आणि लोकांचे मन समुद्रावर, क्रिकेटवर आणि पोहण्यावर. १९३६ मध्ये ह्या देशाने हिवाळी ऑलिंपिकला पहिल्यांदा माणूस पाठवला, तो अवघा एक. तेव्हापासून साठ वर्षांहून अधिक काळ सुवर्णपदकाचे नाव नाही. अशा देशातल्या मेलबर्न शहरात १० नोव्हेंबर १९७४ रोजी अलिसा कॅम्प्लिन जन्मली. लहानपणी तिने जिम्नॅस्टिक्स केले, ती धावली, शिडाच्या होड्यांच्या शर्यती जिंकल्या. एकोणीस वर्षांची झाली तोवर तिला स्की करता येत नव्हते. ज्या वयात युरोपातल्या मुली दहापंधरा वर्षे बर्फावर काढून तयार झालेल्या असतात, त्या वयात हिने स्कीचे बूट पायांत चढवायला घेतले. हवेत कसे वळायचे ते अंगाला माहीत होते. जमिनीवर कसे चालायचे ते मात्र मुळापासून शिकायचे होते. लहान मुलांच्या बरोबरीने, त्यांच्याहून जास्त वेळा पडत, ती सरळ घसरायला शिकली.

आपल्याकडे ह्याची उपमा शोधायला लांब जायला नको. मल्लखांब पाहिला आहे ना? खांबावरचा मुलगा पाहा. डोके खाली, पाय वर, आणि तरी आपले अंग कुठे आहे ह्याची त्याला पक्की जाणीव. तीच जाणीव ह्या खेळाचे भांडवल आहे. ऑस्ट्रेलियातल्या जाणत्या शिक्षकांनी हे ओळखले होते. बर्फातली मुले धरून त्यांना कोलांट्या शिकवण्यापेक्षा कोलांट्या येणारी मुले धरून त्यांना बर्फ शिकवावा, असा त्यांनी विचार केला. जिम्नॅस्टिक्स सोडलेल्या, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या मुली त्यांनी हेरल्या. जे आहे त्यातून जे नाही ते घडवायचे, ही युक्ती.

पण सराव कुठे करायचा? हवेतल्या उड्या आधी पाण्यात पक्क्या कराव्या लागतात. बर्फावर पहिल्यांदाच नवी उडी मारू गेले तर मान मोडेल. श्रीमंत देशांत ह्यासाठी खास तलाव असतात. उंच उतारावर प्लॅस्टिकचे आच्छादन, त्यावर पाण्याचा फवारा, आणि खाली स्वच्छ पाणी. त्या पाण्यात तळातून हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणजे पाणी मऊ होते. मेलबर्नच्या पूर्वेला लिलिडेल भागात ह्या मंडळींजवळ जे होते त्याला आपण शेततळेच म्हटले असते. गढूळ पाणी, तळाशी चिखल, आणि काठावर उभा केलेला उतार. त्या तळ्यात अलिसाने वर्षानुवर्षे उड्या टाकल्या. बूट, स्की, शिरस्त्राण आणि अंगावर रबरी पोशाख, असे सगळे घालून पाण्यात आदळायचे. मग चिखलातून बाहेर यायचे, ओल्या जड स्की खांद्यावर घ्यायच्या, उताराच्या पायऱ्या चढायच्या आणि पुन्हा उडी. ज्याला आपण कीर्ती म्हणतो, तिचे खरे ठिकाण हेच. व्यासपीठावर ती दोन मिनिटे राहते. पायऱ्यांवर आठ वर्षे.

पोटाचाही प्रश्न होताच. ती संगणकशास्त्र शिकली, आयबीएममध्ये नोकरीला लागली, आणि नोकरी सांभाळून खेळ चालवला. आणि अंगाचे काय झाले? गळ्याचे हाड मोडले, खांदा निखळला, हात मोडला, टाचेची शीर फाटली, आणि डोक्याला मार बसून मेंदू हादरण्याचे प्रसंग, ऐका, नऊ वेळा आले. इतके करूनही २००२ च्या ऑलिंपिकपर्यंत विश्वचषकाच्या एकाही स्पर्धेत तिचा पहिला क्रमांक आला नव्हता. आठ वर्षे. आपल्या घरातल्या मुलीने असे केले असते तर आपण काय म्हटले असते? "बाई, आता पुरे कर." आणि आमच्या मते असे म्हणणाऱ्या आईबापांना दोष देता आला नसता.

ऑस्ट्रेलियाच्या आशा तिच्यावर नव्हत्याच. त्या होत्या जॅकी कूपरवर. तीही मेलबर्नचीच, अलिसाहून दीडदोन वर्षांनी मोठी. १९९९ ची जगज्जेती, आणि १९९९, २००० व २००१ अशी लागोपाठ तीन वर्षे विश्वचषकाची मानकरी. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला ती गेली ती सुवर्णपदक आणण्यासाठीच. दुसरे काही कोणाच्या मनात नव्हते. स्पर्धेला काही दिवस उरले असताना सरावात तिचा गुडघा पार निकामी झाला. ती घरी परतली. अलिसाच्या दोन्ही घोट्यांना त्या सुमारास तडे गेलेले होते. पण तिला चालता येत होते, आणि उडता येत होते.

१८ फेब्रुवारी २००२. डिअर व्हॅली नावाचे ठिकाण. योगायोग असा, की ज्याने ह्या खेळाला पहिली कोलांटी शिकवली तो स्टाईन एरिक्सन उतारवयात ह्याच गावी राहत होता. दोनच दिवसांपूर्वी, १६ तारखेला, स्टीव्हन ब्रॅडबरी ह्या ऑस्ट्रेलियन तरुणाने बर्फावर धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले होते. पुढचे सगळे गडी शेवटच्या वळणावर एकमेकांत अडखळून पडले आणि मागून येणारा हा पहिला झाला. ऑस्ट्रेलियाच्या सहासष्ट वर्षांच्या हिवाळी इतिहासातले ते पहिले सुवर्ण. लोक हसले, लोक रडले, आणि म्हणाले, दैव. अलिसाची वेळ आली तेव्हा दैवाकडे मागण्यासारखे काही शिल्लक राहिले नव्हते. तिने दोन उड्या मारल्या. दोन्हींत दोन उलट्या कोलांट्या आणि तीन गिरक्या. तीन कोलांट्यांची अधिक अवघड उडी तिने घेतली नाही. जे शेततळ्यात पुन्हा पुन्हा पक्के केले होते तेच घेतले. दोन्ही वेळा ती पायांवर उतरली. एकूण गुण १९३.४७. कॅनडाची व्हेरोनिका ब्रेनर दुसरी, १९०.०२, त्याच देशाची डिड्रा डिऑन तिसरी, १८९.२६. पहिलीत आणि दुसरीत अंतर साडेतीन गुणांचेही नव्हते. हिवाळी ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन स्त्री ठरली.

कोणी म्हणेल, कूपर घरी गेली म्हणून हिचे फावले. ह्याचे उत्तर अलिसाने बोलून दिले नाही, करून दिले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्याच डिअर व्हॅलीत ती जगज्जेती झाली, आणि २००३ व २००४ अशी दोन वर्षे विश्वचषक तिच्याकडे राहिला. मग गुडघ्याने दगा दिला. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे पुढचे ऑलिंपिक अवघ्या चार महिन्यांवर असताना, गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रियेत एका मृत दात्याची कंडरा तिथे बसवावी लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये तोरिनोच्या उद्घाटनात ऑस्ट्रेलियाचा ध्वज तिच्या हाती होता, आणि स्पर्धेत ती तिसरी आली. स्वित्झर्लंडची एव्हेलिन लॉय पहिली, चीनची ली नीना दुसरी. त्याच वर्षी तिने खेळ सोडला.

श्रोतेहो, इथे टाळ्या घेऊन आम्हांला बसता आले असते. परंतु सुरुवातीला दोन प्रश्न विचारले होते, आणि दुसऱ्याचे उत्तर दिल्यावाचून बसणे ही फसवणूक होईल.

मोडलेल्या घोट्यांनी उडी मारणे हे शौर्य की वेडेपणा? आम्ही पुष्कळ विचार केला. पुराणातल्या आणि इतिहासातल्या गोष्टी ऐकून आपल्या मनाला एक सवय लागली आहे : जखम जितकी मोठी तितका वीर मोठा. ही सवय लढाईच्या मैदानात उपयोगी पडली असेल, शाळेच्या मैदानात ती घातक आहे. अलिसाचे घोटे हा तिचा स्वतःचा, सत्तावीस वर्षांच्या जाणत्या बाईचा, वैद्यांशी आणि शिक्षकांशी बोलून घेतलेला निर्णय होता. तो उद्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला कोणी धडा म्हणून सांगितला, तर तो अपराध होईल. आणि ते नऊ वेळा मेंदू हादरणे! आजचे वैद्यक स्पष्ट सांगते, की डोक्याला असा मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद, आणि पूर्ण बरे वाटून वैद्याने सांगेपर्यंत बंद. कबड्डीच्या मैदानावर डोके आपटलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून "ऊठ, काही झालं नाही" म्हणणारे आपण सगळे आहोत. आम्हीही म्हटले आहे. लिना चेर्याझोव्हाची गोष्ट आठवून हे वाक्य आपण आजपासून टाकून देऊ, एवढे जरी ह्या व्याख्यानातून निघाले तरी आमचे येणे सार्थकी लागले.

मग शौर्य कशात? आमच्या मते ते तिने काय सोसले ह्यात नाही, तिने काय निवडले ह्यात आहे. एकोणिसाव्या वर्षी, ज्या वयात आपली मुले "आता उशीर झाला" म्हणतात, त्या वयात पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहण्याची लाज तिने बाळगली नाही. आणि आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सारे जग पाहत असताना, झेपते तेवढेच घेण्याचा संयम तिने राखला. पहिल्याला धीर लागतो. दुसऱ्याला, आम्हांला वाटते, त्याहून जास्त धीर लागतो.

आणि जॅकी कूपर? तिची गोष्ट अर्धी सोडून आम्ही पुढे गेलो, जग जाते तसे. ती मात्र कुठे गेली नव्हती. गुडघा बांधून ती परत आली. २००६ ला तोरिनोच्या प्राथमिक फेरीत तिने २१३.५६ गुणांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक केला, आणि अंतिम फेरीत घसरून आठवी आली. २००७ आणि २००८ ला पुन्हा विश्वचषक जिंकला. एकंदर पाच वेळा. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये, सदतिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली. पाच ऑलिंपिक, आणि पदक एकही नाही. तिला अपयशी म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ आधी बदलावा लागेल. एका दिवसाचा निकाल आणि आयुष्याची लायकी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपण दर वर्षी विसरतो. हा जून तोंडावर आला आहे, म्हणून आठवण करून ठेवतो.

शेततळ्याचे काय झाले? त्या गढूळ पाण्यातून वर आलेल्या मुलींत लिडिया लासिला ही एक. २००६ ला गुडघा मोडून तिला मैदानातून उचलून न्यावे लागले. २०१० ला तिने सुवर्णपदक जिंकले. मुलाची आई झाल्यावर २०१४ ला सोचीत अंतिम फेरीत तिने तीन कोलांट्या आणि चार गिरक्यांची, स्पर्धेत तोवर कोणत्याही स्त्रीने न घेतलेली उडी घेतली. उतरताना तोल गेला, आणि कांस्यपदक मिळाले. तिला अधिक सोपी उडी घेता आली असती. म्हणजे अलिसाचा संयम हा एकच मार्ग नव्हे. लासिलाने उलटा मार्ग घेतला, आणि तोही आम्हांला तितकाच प्रिय आहे. आता ब्रिस्बेन शहरात ऑस्ट्रेलियाने ह्या खेळासाठी जलतरण तलावाला जोडून कायमचा उतार बांधला आहे. ब्रिस्बेन म्हणजे ज्या गावी बर्फ कधी पडत नाही! आधी माणसे झाली, मग तलाव झाला. आपण आधी तलावाचा अर्ज करतो आणि माणसांची वाट पाहत बसतो.

अलिसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल एकच सांगतो. २०११ मध्ये तिला पहिला मुलगा झाला आणि हृदयाच्या जन्मजात दोषाने तो दहा दिवसांत गेला. त्या उडीला ना उतार होता, ना भुसभुशीत बर्फ. त्यानंतर तिने आणि तिच्या पतीने आजारी बालकांच्या हृदयोपचारासाठी निधी उभा करण्याचे काम हाती घेतले. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाच्या पथकाची प्रमुख म्हणून तिची निवड झाली. उतरणे म्हणजे काय, हे तिला पंचांनी शिकवले नसेल तितके ह्या वर्षांनी शिकवले असेल.

मघाशी गुणांची विभागणी सांगितली : वीस उड्डाणाला, पन्नास डौलाला, तीस उतरण्याला. आपण लोक उड्डाणाचे फार कौतुक करतो. आरंभशूर हा शब्द आपल्याच भाषेतला आहे. पण उडणे आपल्या हाती थोडेच असते. पाय सुटले की वाट ठरून जाते. हाती राहते ती अंगाची ठेवण, आणि शेवटी पायांवर उतरणे. त्याचा सराव बर्फावर होत नाही. तो ज्याच्या त्याच्या गावच्या गढूळ तळ्यात, कोणी पाहत नसताना, ओल्या स्की खांद्यावर घेऊन पायऱ्या चढताना होतो.

उद्या सकाळी गावाबाहेरच्या विहिरीवर पोरे उड्या मारताना दिसतील. त्यांना हुसकून लावू नका. काठाचे दगड पक्के आहेत का, पाणी पुरेसे खोल आहे का, आणि पोहणारा मोठा माणूस जवळ आहे का, एवढे पाहा. आणि मग थोडा वेळ उभे राहून त्यांच्या कोलांट्या बघा. त्यांतली एखादी मुलगी कुठल्या बर्फावर उतरणार आहे, हे आपल्याला आज ठाऊक नाही. तिलाही नाही.